चौदा नंबरच्या ओळीतले नांगे

१

चार मीटर लांबीची ओळ. वीस-वीस सेंटिमीटरवर एक, अशी तुरीची वीस झाडं. बांधावरच्या खुंटीवर नंबर चौदा.

जमीन मर प्लॉटची. या तुकड्यात गेली पस्तीस वर्षं मुद्दाम तूरच पेरतात. मर रोगाने वाळलेली झाडं तोडून पुन्हा याच मातीत गाडतात, म्हणजे रोगाची बुरशी संपू नये. इथं जे वाण तगतं ते कुणाच्याही रानात तगतं. इथलं काम एकच: कोण मेलं ते मोजायचं. मेलेल्याची जागा रिकामी ठेवायची. त्या रिकाम्या जागेला नांगा म्हणतात. माझी पीएचडी म्हणजे नांग्यांची मोजदाद.

२

केंद्र भोकरदन रस्त्याला. विद्यापीठ चार तासांवर, इथं फक्त रानं, एक प्रयोगशाळा आणि सहा खोल्यांचं वसतिगृह. वसतिगृहात माणसाला पिकाच्या नावाने हाक मारतात. मी तूर. माझी खोलीतली मैत्रीण शीतल हरभरा. समोरच्या खोलीतला अद्वैत मूग. स्वयंपाकाच्या पाळ्या भिंतीवर लिहिलेल्या.

"ए तूर, आज वरण तुझ्याकडं."

"मूग, तू काल खिचडी लावली होतीस ती अजून पातेल्याला चिकटलेली आहे. ती खरवड आधी."

पाहुणे आले की त्यांना वाटतं आम्ही भांडतोय. भांडत नसतो. संध्याकाळी रानातून आलेल्या सहा माणसांना बोलायला दुसरं काही नसतं.

३

चौदा नंबर माझा आहे. बाकीच्या एकोणतीस ओळी सरांच्या संग्रहातल्या. चौदासाठी मी पाच वर्षांपूर्वी कळ्या उघडून चिमट्याने पुंकेसर काढले, दुसऱ्या झाडाचा पराग लावला, दोरा बांधला. दोनशे कळ्यांतून एकोणीस शेंगा. तिथून पिढी पिढी निवडत इथवर.

माझं हे सातवं वर्ष. विद्यापीठाची मुदत संपत आलेली. मार्गदर्शक आणि केंद्रप्रमुख डॉ. नरहर, आमचे सर, येत्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होणार. त्याआधी चौदा नंबर मर प्लॉटमध्ये तगला, तर तो राज्यभरच्या चाचण्यांना जाईल आणि माझा प्रबंधही. न तगला तर पुन्हा एक खरीप, नवा मार्गदर्शक, मुदतवाढीचा अर्ज.

माझा धाकटा भाऊ भागवत घनसावंगीकडे शेती करतो. दर रविवारी फोन. "ताई, चौदाचं काय?" आईचं काय, घरचं काय, हे नंतर.

४

"अर्पिताबाई, बी देऊन राह्यल्या का मोजून राह्यल्या? वीसच? आन् एकेकच टाकायचं? आमी तर दोन टाकतो. एक आपलं, एक पाखराचं. बरं बाई, तुमच्या मनासारखं. एकेक. ह्या लाल फितीच्या खुंटीला काय बांधलंय, नवस? हसू नका. मला वाचता येत न्हाई, पर फीत दिसते. इकडं एक लाल, तिकडं पलीकडच्या वाफ्यात एक लाल. दोन्ही तुमच्याच ना? मंग झालं. सोनूबाईच्या हातचं बी उगवत न्हाई असं आजवर झालं न्हाई. नरहर सायबाला इचारा."

५

वीसपैकी वीस उगवले. पलीकडच्या वाफ्यात चौदा नंबरचीच दुसरी ओळ, तिथंही वीस.

विसाव्या दिवशी मला विद्यापीठात जायचं होतं. तोंडी परीक्षा, आणि त्याला लागूनच जनुकं तपासण्याचं सात आठवड्यांचं प्रशिक्षण. टाळता येण्यासारखं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी झाडं मोजायचं काम अद्वैतने घेतलं.

"मोजणं म्हणजे नुसतं मोजणं. हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"तुझ्या तुरीला हात लावायला मी काय जावई आहे?"

६

निघायच्या सकाळी रानात गेले. शेजारची ओळ मुद्दाम लावलेल्या रोगट वाणाची, तिची दोन रोपं मान टाकून बसलेली. ते ठीकच होतं, ती मरावीत म्हणूनच लावतात, मातीत रोग जागा आहे हे कळतं. मी चौदा नंबरपाशी उकिडवी बसले आणि उठवेचना.

सोनूमावशी खुरपं घेऊन मागून आल्या. केंद्रात त्या अठ्ठावीस वर्षं रोजंदारीवर आहेत, कधीच कायम झाल्या नाहीत. त्या शेजारी बसल्या. मी म्हणाले, "मावशी, ही जगली पाहिजेत. मी नाही तोवर लक्ष ठेवा."

हे वाक्य माझं आहे. पुढे जे झालं त्यात आधी हे धरायला हवं.

७

"ठेवते की. तुमी बिलकुल घोर करू नका. जा, गाडी चुकंल. आन् हॉस्टेलातलं ते वरण खाऊन खाऊन वाळून गेल्यात तुमी, तिकडं बराबर जेवा. फितीवाल्या दोन्ही तासांकडं, तुमच्या त्या ओळींकडं, मी रोज एक चक्कर मारते. तुमच्या माघारी काई कमी पडू देणार न्हाई."

८

विद्यापीठातल्या वसतिगृहात नेट चांगलं होतं. आमच्या ग्रुपचं नाव शेंगवर्गीय.

शीतल: तूर गेल्यापासून वरणात पाणी जास्त.
मी: चौदा???
अद्वैत: मूग व्यग्र आहे.
मी: मोजलं का सांग.
अद्वैत: १४ : २०/२०. पलीकडे पण २०/२०. काही बारकी.
शीतल: 🎉🎉
मी: खरंच? वीस?
अद्वैत: दोनदा मोजली बाई.

"काही बारकी" हे दोन शब्द मी वाचले. बारकी म्हणजे किती बारकी, किती झाडं, असं विचारता आलं असतं. मी फुलांची खूण पाठवली.

९

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत आले. बाकी प्लॉटमध्ये ओळीच्या ओळी तुटलेल्या, शेजारची रोगट ओळ तर जवळजवळ साफ. मधे चौदा नंबर, सलग. काही झाडं ठेंगणी होती. मी वहीत लिहिलं: मुळांना लागण होऊन सावरली असावीत. वाक्य लिहिताना मला ते खरं वाटलं.

सर आले. ते कधी कौतुक करत नाहीत. त्यांनी एका झाडाचा शेंडा दोन बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "चला."

त्या संध्याकाळी अद्वैतने जालन्याहून पेढे आणले. शीतलने माझी पाळी असून भाकरी केल्या. कुणीतरी मला डॉक्टर म्हणालं आणि मी त्याला गप्प केलं नाही.

१०

ऑक्टोबर. सरांनी चौदा नंबर राज्यभरच्या चाचण्यांत घ्यावा, असं पत्र तयार केलं. सहीपुरतं ठेवलं.

भागवतचा फोन. "दोन एकर तुझ्यासाठी रिकामे ठेवलेत पुढच्या साली. गावात चार जणांला सांगून बसलोय, माझ्या बहिणीची तूर मरत न्हाई म्हणून."

"अरे, अजून दोन-तीन वर्षं चाचण्या असतात."

"असू दे. वाट बघू. तू जल्दी कर फक्त."

११

"नरहर सायेब हसले आज! खरंच. बांधावर उभे राहून हसले. अठ्ठावीस सालांत मी तिसऱ्यांदा बघितलं. पहिल्यांदा त्यांची पोरगी झाली तवा. दुसऱ्यांदा ते शेणात पाय घसरून पडले तवा, पर ते आमाला हसू येऊ नये म्हणून हसले."

१२

"अर्पिताबाई, तुमी लॅबातच बसून राह्यल्या. रानात या, फुलं सुटली. फितीवाल्या तासाला तर दोन रंगांची आल्यात. पिवळी आन् लाल रेघांची. एका तासात दोन रंग! गोड दिसतात बाई. नजर काढाया पाहिजे."

१३

मी चालत गेले. शेवटचं थोडं अंतर पळत.

चौदा नंबरच्या दोन्ही पालकांची फुलं निखळ पिवळी. मी पाच वर्षं ती कळी उघडून पाहिलेली आहे, माझ्या झोपेतही ती पिवळीच असते. ओळीत चौदा झाडं पिवळी होती. सहा झाडांच्या पाकळ्यांवर मागून लाल शिरा. केंद्राच्या कोठारात जे नेहमीचं रोगप्रतिकारक वाण असतं, सगळे शेतकरी नेतात ते, त्याचं हे फूल. आणि ही सहा झाडं म्हणजे तीच ठेंगणी सहा.

नंबर लिहिले. चौथं, सातवं, अकरावं, बारावं, सोळावं, एकोणिसावं. पलीकडच्या वाफ्यात अशी सात.

१४

दोन दिवस मी दुसरी कारणं शोधली. मधमाश्यांनी पराग आणला असेल: पण त्याचा रंग पुढच्या पिढीत दिसतो, याच झाडावर नाही. बियाण्यात भेसळ असेल: पण पाकीट मी स्वतः भरलं होतं, दाणा दाणा बघून. पेरताना चूक झाली असेल: पण मी तिथंच उभी होते.

तिसऱ्या दिवशी एकच कारण उरलं, आणि ते खुरपं घेऊन समोरच्या वाफ्यात बसलेलं होतं.

१५

डबा खायच्या वेळेला गेले. मावशींनी फडक्यावरची अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. ठेच्यासकट.

"मावशी, मी नव्हते तेव्हा माझ्या ओळीतली रोपं मेली होती का?"

त्यांनी घास चावून संपवला. चेहऱ्यावर चोरीचं काही नव्हतं. उलट आता कुठे हिने विचारलं, असं होतं.

१६

"मेली होती की. तुमी गेल्या आन् चौथ्या दिवसापासून एकेक मान टाकाया लागलं. हिकडं सहा, तिकडं सात. माझ्या जिवाला काई बरं वाटेना. तुमी तर सांगून गेल्त्या, जगली पाहिजेत म्हणून. मंग म्या कोठारातनं मूठभर बी आणलं आन् नांगे भरले. दोन दोन दाणे टाकले, उगवल्यावर एक काढून टाकलं, तुमच्या नेमानं. पाणी घातलं तांब्यानं. बाकीच्या तासांला हात लावला न्हाई, ते सरकारी. तुमचे तेवढे भरले. सांगणार होते, पर तुमी आल्या त्या इतक्या खुशीत आल्या. म्हटलं, कशाला सांगायचं, मेलेलं होतं म्हणून."

१७

अद्वैतला सांगितलं. गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये उभं राहून.

तो चिमटे काढत राहिला, एकेक, आणि खिशात टाकत राहिला. मग म्हणाला, "फुलं पंधरा दिवसांत गळतील. नंतर फरक कोण बघतंय?"

"तू काय बोलतोयस ते कळतंय का?"

"मला कळतंय. तू काही केलं नाहीस, तुझ्या मागं झालं. सर मेमध्ये जातायत. नवा माणूस आला की तुला पहिल्यापासून सुरू करायला लावेल. आणि वर लिहून दिलंस तर मावशींचं काय? आता मजूर ठेकेदाराकडून येतात. त्याला निमित्तच पाहिजे."

"तू 'काही बारकी' लिहिलं होतंस."

"हो. तू विचारलं नाहीस."

मी त्याच्या खिशातले माझे चिमटे परत घेतले.

रात्रभर विचार वगैरे केला नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत उत्तर झालं होतं. पुढच्या चाचण्यांना जाणारं बी कोठारातल्या वाणाचं जाणार नव्हतं, माझ्या पाकिटातलं जाणार होतं. खऱ्या चौदाचं. ज्याची विसातली सहा मेली, ते. दोन वर्षांनी ते भागवतच्या दोन एकरांत गेलं असतं, मग त्या चार जणांच्या रानात, आणि तिथं नांगे भरायला सोनूमावशी नसत्या. शेंगा भरायच्या वेळेला पिवळी पडून उभ्या वाळलेल्या तुरीकडे बघत भागवतने मला फोन केला असता. काय झालं गं ताई, एवढंच विचारलं असतं.

फक्त मावशींचं काय, याचं उत्तर मिळालं नव्हतं.

१८

सर कचेरीत होते. मी पिवळं एक फूल आणि लाल शिरांचं एक, अशी दोन टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा घातला.

"एकाच ओळीतली?"

"हो सर. सहा. पलीकडे सात."

त्यांना एवढं पुरलं. ते खुर्चीत मागे टेकले आणि एकदम मला त्यांचं वय दिसलं. सहीपुरतं ठेवलेलं पत्र काचेखाली होतं, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"म्हणजे शेकडा तीसच्या वर मर."

"हो सर."

"कुणी भरले?"

हे वाक्य मी पाठ करून आले होते. "मी सांगितलं होतं, सर. मीच लावून घेतले."

"बाई, तुम्ही त्या वेळेला विद्यापीठात होता. खोटं बोलायचं तर निदान तारखा बघून बोलावं माणसानं." ते चिडले नव्हते. त्यांनी लाल शिरांचं फूल उलटं करून पाहिलं. "सोनूबाई."

मी पिवळं फूल जवळ ओढलं.

"मी इथं आलो तेव्हा बियाणं वाढवायचा प्लॉट होता. मोठा. पहिल्या वर्षी ओळींत इतके नांगे पडले की वरिष्ठांसमोर मान खाली गेली. दुसऱ्या वर्षी मी सगळ्या बायांना बांधावर बसवून सांगितलं, मला एकही नांगा दिसला नाही पाहिजे. दिसला नांगा की टोबा बी, भरून टाका जागा. कुणाला विचारू नका. तेव्हा ही नवीन होती, कडेवर पोर होतं. मर प्लॉटवर उलटं असतं, इथं नांगाच पाहिजे, हे तिला कुणी सांगितलं? मी नाही सांगितलं. तुम्ही सांगितलं?"

"मी म्हणाले, ही जगली पाहिजेत."

"हं."

त्यांनी निरीक्षणाची वही ओढली. चौदा नंबरच्या दोन्ही आकड्यांवर एकेक रेघ मारली, खाली खरे आकडे माझ्याकडून लिहून घेतले, आणि शेरा स्वतःच्या अक्षरात लिहिला: मर प्लॉटवरील मजुरांना नांगे न भरण्याची सूचना देण्यात आली नव्हती. जबाबदारी केंद्रप्रमुखाची. सही. तारीख.

"सर, तुमची निवृत्ती आहे. शेवटच्या वर्षीचा शेरा..."

"म्हणून तर लिहिला. पुढच्या वर्षी मला कुणी विचारायला येणार नाही." मग पत्र काचेखालून काढलं, दोन घड्या घातल्या आणि खणात टाकलं. फाडलं नाही. "मुदतवाढीचा अर्ज आजच करा. शिफारस मी देतो. ती सही अजून चालते."

दाराशी गेल्यावर म्हणाले, "तिला ओरडू नका."

"नाही सर."

"मी सांगतो तिला. माझं काम आहे ते."

त्यांनी सांगितलं. बांधावर, दोघंच उभे. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होते. मावशींनी पदर तोंडाला लावला नाही, मान हलवली नाही, काही नाही. सर बोलून गेल्यावर त्या वाफ्यात उतरल्या, फितीपाशी आल्या, आणि चौथ्या झाडाला हात लावून उभ्या राहिल्या. ते तेव्हा सगळ्यात जास्त फुललेलं होतं.

भागवतला फोन केला. तो म्हणाला, "मंग आता?"

"आता नेहमीचं पेर."

"चार जणांला सांगून बसलो गं मी." मग, "तू जेवली का?"

१९



२०

जून गेला. नवे प्रमुख आले, मुदतवाढ मिळाली, एक वर्षाची. शीतल प्रबंध देऊन गेली, तिच्या जागी नवा हरभरा आला. अद्वैत अजून मूगच आहे.

चौदा नंबर आता उमेदवार नाही, तुलनेसाठी लावलेली एक ओळ आहे. त्याच्याच पाचव्या पिढीतून मी पुन्हा निवड केली, ती पाच ओळी पलीकडे आहे. कुठल्याच खुंटीला फीत नाही.

मजुरांची वाटणी करताना सोनूमावशींनी सांगितलं, मर प्लॉट सोडून कुठंही. "मरून राह्यलेलं बघत बसायचं काम मला न्हाई जमत बाई. तुमचं शिक्षणाचं काम, तुमी करा. मला गवत काढाया सांगा, बी टोबाया सांगा. सायबांनी सांगितलं ते समजलं मला, बराबर समजलं. पर हात ऐकत न्हाई." ठेकेदाराने कुरकुर केली. मी सांगितलं, त्यांना सोयाबीनमध्ये द्या.

म्हणून पेरणी मी एकटीने केली. मोजणीही एकटीच करते, दर आठ दिवसांनी, पंधरा नाही.

तेविसाव्या दिवशी सकाळी चौदा नंबरच्या ओळीत एकोणिसाव्या रोपाने मान टाकली होती. पानं पिवळी, शेंडा वाकलेला. खोड चिरून पाहिलं. आत काळी रेघ. मी ते उपटलं, पिशवीत घातलं, मोकळ्या जागेत काडी रोवली.

मान वर केली तेव्हा मावशी सोयाबीनच्या बांधावर उभ्या होत्या. डोक्यावर गवताचा भारा. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. प्लॉटच्या कडेपर्यंत आल्या, आत आल्या नाहीत.

"कितवं?"

"एकोणिसावं. पहिलंच."

त्यांचा एक हात कमरेच्या पिशवीकडे गेला, जिच्यात कायम बी असतं, आणि तिथंच राहिला.

"रिकामंच ठेवायचं?"

"हो मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या. भारा सावरला. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबल्या, पाठमोऱ्याच. "काडी तिरकी लागलीय. सरळ करा."

मी काडी सरळ केली. वहीत तारीख लिहिली.